डिझेलने नासलेली माती जीवाणूंकडून स्वच्छ करून घेताना: कोकणातल्या जमिनीसाठी सविस्तर मार्गदर्शन

चिरेखाणीवरचं कटिंग मशीन, बंदराजवळची इंजिन दुरुस्तीची शेड, आंब्याच्या बागेतला फवारणीचा पंप, गावातलं गॅरेज, लॉजच्या मागचा जनरेटर. कोकणात डिझेल आणि काळं ऑइल जमिनीत जिरतं ते बहुतेक अशाच जागी, थोडं थोडं, वर्षानुवर्षं. त्याची बातमी होत नाही. पण आपली जमीन जांभ्याची. वर वीतभर माती आणि खाली भोकाभोकांचा, भेगाळलेला कातळ. त्यात पडलेलं पाणी जसं बघता बघता खाली उतरतं, तसंच त्याच्याबरोबर तेलही उतरतं, आणि ज्या विहिरीचं पाणी आपण पितो तिच्यापर्यंत पोचायला त्याला फार वेळ लागत नाही. म्हणून अशी माती ‘आपोआप होईल बरी’ म्हणून सोडून देणं मला पटत नाही. ती बरी करता येते, आणि खर्चही बहुतेकांच्या आवाक्यातला असतो.

हे काम जीवाणू करतात. ते विकत आणावे लागतात असा समज आहे, पण डिझेल खाणारे जीवाणू तुमच्या मातीत आधीच असतात. जिथे वर्षानुवर्षं तेल सांडलंय तिथे तर ते जास्तच असतात, कारण त्यांचं खाणं तिथेच आहे. त्यांना कमी पडते ती हवा, नत्र, स्फुरद, बेताची ओल आणि कमी आंबट माती. हे पुरवणं आणि पावसापासून आडोसा देणं एवढंच आपलं काम. पुढचं सगळं लिखाण त्याबद्दलच आहे.

जीवाणू नेमकं काय करतात

डिझेल म्हणजे कार्बन आणि हायड्रोजनच्या लांब साखळ्या. स्यूडोमोनास, ऱ्होडोकोकस, असिनेटोबॅक्टर, बॅसिलस अशा गटांतले काही जीवाणू हवेतला ऑक्सिजन घेऊन साखळीच्या टोकाला जोडतात. टोकाचं आधी अल्कोहोल होतं, मग आम्ल. एकदा आम्ल झालं की आपलं शरीर तूप-तेल पचवतं त्याच पद्धतीने जीवाणू ती साखळी दोन दोन कार्बनच्या तुकड्यांनी तोडत जातात. शेवटी उरतो कार्बन डायऑक्साइड, पाणी आणि वाढलेले जीवाणू. यातले काही साबणासारखा पदार्थही सोडतात. त्याने मातीच्या कणांना चिकटलेलं तेल सुटं होतं.

सरळ साखळ्या लवकर संपतात, फांद्या असलेल्या उशिरा. चार-पाच वर्तुळाकार कडी एकमेकांना जुळलेले जड रेणू, जे काळ्या ऑइलमध्ये आणि डांबरात असतात, ते फार हळू तुटतात. त्यामुळे ताज्या डिझेलची माती एका मोसमात बरीच सुधारते, पण दहा वर्षांचं जळकं ऑइल मुरलेली माती तेवढ्यात पूर्ण स्वच्छ होईल अशी आशा धरू नका.

बाहेरून जीवाणू आणण्याबद्दल इतिहास काय सांगतो तेही पाहण्यासारखं आहे. मूळचे बंगालचे शास्त्रज्ञ आनंद मोहन चक्रवर्ती यांनी खनिज तेलाचे निरनिराळे घटक खाऊ शकेल असा स्यूडोमोनासचा वाण अमेरिकेत घडवला. त्याच्या पेटंटचा खटला तिथल्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९८० साली निकाल त्यांच्या बाजूने लागला. जगभर नाव झालं, पण तो वाण उघड्यावर तेल साफ करायला कधी वापरला गेला नाही. उलट १९८९ साली अलास्कात एक्सॉन व्हाल्डेझ हे तेलवाहू जहाज फुटलं, तेव्हा किनाऱ्यावर टाकलं ते खत. तिथल्याच जीवाणूंनी ते खत वापरून तेल खाण्याचा वेग वाढवला. भारतातही दिल्लीच्या टेरी संस्थेने ‘ऑइलझॅपर’ नावाचं जीवाणूंचं मिश्रण तयार केलं आहे. तेलशुद्धीकरण कारखान्यांचा गाळ आणि तेलविहिरींच्या आसपासची माती अशा मोठ्या कामांत ते वापरलं गेलं. तिथे त्याला जागा आहे. दोन ब्रास (ब्रास म्हणजे शंभर घनफूट) मातीसाठी मात्र मी आधी खत आणि फावडं यांवरच भर देईन.

कुठे हे करू नये

हा भाग घाईत वाचू नका. चुकीच्या जागी सुरू केलेलं काम नुकसानच करतं.

धातू जीवाणूंना खाता येत नाहीत. शिसं, कॅडमियम, तांबं ही मूलद्रव्यं आहेत, त्यांचे तुकडे होत नाहीत. श्रीवर्धन-अलिबागकडच्या सुपारीच्या वाड्यांत कोळेरोगासाठी पिढ्यानपिढ्या बोर्डो मिश्रण फवारलं जातं. त्यातलं तांबं मातीत साठत जातं आणि कुठल्याही जीवाणूचं कल्चर ते नाहीसं करू शकत नाही. कोणी तसं सांगून काही विकत असेल तर घेऊ नका. बॅटरीचं पाणी ओतलेली जागा, रंग खरवडलेली जागा, जुन्या लोखंडी होड्या तोडलेली जागा, इथे आधी धातूंची तपासणी करून घ्या. काळ्या ऑइलमध्येही इंजिनाच्या झिजेतून आणि ऑइलमध्ये मिसळलेल्या रसायनांतून धातू येतात, म्हणून गॅरेजच्या मातीलाही ही तपासणी लावावी.

लोटे-परशुराम, महाड, रोहा, तळोजा अशा औद्योगिक वसाहतींच्या आसपास कुठे अनोळखी रंगाची, उग्र वासाची माती किंवा टाकून दिलेले पिंप दिसले, तर हात लावू नका. फोटो काढा, जागा लिहून ठेवा आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे लेखी तक्रार करा. त्या पिंपात काय आहे ते तुम्हाला माहीत नसतं. क्लोरीन असलेली काही द्रावकं तर हवा नसताना काम करणारे जीवाणूच तोडतात, आणि ते काम अर्धवट राहिलं तर मध्ये विनाइल क्लोराइड तयार होतं. हा वायू कर्करोग करणारा आहे. ते काम तज्ज्ञांनी, देखरेखीखाली करायचं.

पेट्रोलच्या मातीला फावडं लावू नका. त्यातलं बेंझीन उडून थेट छातीत जातं आणि आगीचा धोका वेगळाच.

कांदळवनात तेल शिरलं असेल तरी खणू नका. तिथला चिखल मुळातच बिनहवेचा असतो. खणून मुळं तुटतात आणि तेल आणखी खोल जातं. कांदळवनाला कायद्याचं संरक्षणही आहे, तेव्हा वनविभागाला कळवा. पावसाळ्यात पुळणीवर येणारे डांबराचे गोळे हातमोजे घालून वेचून काढणं हाच त्यावरचा उपाय. भरती-ओहोटी चालू असताना वाळूत घातलेलं खत समुद्रातच जाणार.

म्हणजे हा लेख लागू पडतो तो डिझेल, रॉकेल, इंजिन ऑइल, हायड्रॉलिक ऑइल यांनी खराब झालेल्या, आपल्याच ताब्यातल्या, थोडक्या मातीला. एखाद-दुसऱ्या ब्रासपासून फार तर आठ-दहा ब्रासपर्यंत. टँकर उलटला, पंपाची जमिनीखालची टाकी गळली, तर ते मंडळाचं आणि कंपनीचं काम आहे.

आधी गळती थांबवा

हे सांगायला नको, पण सांगतो. पिंपाचा नळ ठिबकत असेल, इंजिनाखाली ट्रे नसेल, तर खालची माती साफ करून काही उपयोग नाही. नुकतंच सांडलेलं डिझेल पाण्याने धुऊन काढू नका, डिटर्जंट तर अजिबात नको. साबणाने तेल सुटं होऊन कातळाच्या भेगांत आणखी खोल जातं. लाकडाचा भुसा किंवा भाताचं तूस पसरा, तेल शोषू द्या, भरून पिंपात ठेवा. भाजावळीच्या राबात ही माती किंवा हा भुसा जाळायला टाकायचा नाही. इंजिनातून काढलेलं वापरलेलं ऑइल २०१६ च्या नियमांनुसार घातक कचऱ्यात मोडतं. ते अधिकृत पुनर्वापर करणाऱ्यालाच द्यायचं.

मोसम

आपल्याकडे थंडीची अडचण नाही. १० ते ४५ अंश सेल्सिअसमध्ये हे जीवाणू काम करतात आणि २५ ते ३५ मध्ये जोमाने करतात, म्हणजे कोकणात जवळपास बाराही महिने. खरी अडचण पावसाची. चार महिन्यांत अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो तिथे उघडा ढीग ठेवला, तर खत वाहून जातं, मातीतली हवा निघून जाते आणि तेलाचा अंश ओढ्याला लागतो. म्हणून दिवाळी झाली आणि माती उकरण्याजोगी सुकली की काम सुरू करायचं, शिमग्यापर्यंत निम्मं उरकायचं आणि मिरगाच्या आधी एकतर संपवायचं किंवा पक्क्या छपराखाली न्यायचं.

नमुना घेणं

किती तेल आहे हे कळल्याशिवाय खताचा हिशेब होत नाही. नाकाने अंदाज येतो, आकडा येत नाही.

डाग दिसतो तिथपासून बाहेर आणि खाली खणत जा. वास आणि काळसरपणा संपेल तिथे थांबा. कातळ लागला आणि तरीही भेगांतून वास येत असेल, तर मातीचं काम करा, पण सोबत जवळच्या विहिरीचं पाणीही तपासायला द्या. खणलेली सगळी माती एकत्र करून आठ-दहा ठिकाणांहून थोडी थोडी घ्या, मिसळा, रुंद तोंडाच्या काचेच्या बरणीत गच्च भरा. प्लास्टिकची पिशवी नको, ती तेल शोषते. झाकणाखाली ॲल्युमिनियमची फॉइल लावा, बर्फाच्या डब्यात ठेवा आणि लवकरात लवकर प्रयोगशाळेत पोचवा. मागायचं ते टीपीएच, म्हणजे एकूण पेट्रोलियम हायड्रोकार्बन, कोरड्या वजनावर. सोबत सामू (पीएच, म्हणजे माती किती आंबट आहे त्याचं माप) आणि धातू. टीपीएच काढताना सिलिका जेलने शुद्धीकरण करायला आठवणीने सांगा. नाहीतर शेणखत-पातेऱ्यातली नैसर्गिक मेणं आणि तेलंही त्या आकड्यात मिसळतात आणि तुमचं काम झालेलं असूनही कागदावर दिसत नाही.

आकडा ५०,००० मिलिग्रॅम प्रतिकिलोच्या वर, म्हणजे पाच टक्क्यांहून जास्त आला, तर जीवाणूंनाही ते झेपत नाही. अशा मातीत कमी डागाळलेली माती मिसळून प्रमाण खाली आणावं लागतं. तेल हाताला लागेल इतकं ओथंबलेलं असेल, तर आधी जेवढं निथळतं तेवढं निथळून वेगळं करा.

ढीग रचणं

जागा निवडताना विहीर, ओहोळ आणि घर यांपासून जितकं लांब जाता येईल तितकं जा. उताराच्या वरच्या अंगाला ढीग आणि खाली विहीर असं कधीच नको. जमीन सपाट करा, टोकदार चिरे वेचून काढा, वर जाड प्लास्टिक कागद अंथरा आणि कडेने मातीचा किंवा चिऱ्यांचा वीतभर बांध घालून कागद त्याच्यावर चढवा. एका कोपऱ्याकडे किंचित उतार ठेवा आणि तिथे पिंप पुरा. ढिगातून निथळलेलं पाणी त्यात जमेल. ते पाणी बाहेर ओतायचं नाही, परत ढिगावरच शिंपडायचं.

दोन ब्रास मातीचा ढीग साधारण सहा फूट रुंद, तीन फूट उंच आणि वीस फूट लांब होतो. फावड्याने पलटायचा असेल तर याहून उंच करू नका. यंत्राने रचलेले ढीग दहा फुटांपर्यंत असतात, पण त्यांत पंपाने हवा सोडलेली असते.

आपली जांभी माती ओली झाली की लोण्यासारखी चिकटते आणि सुकली की ढेकळं बनतात. दोन्हीतून हवा जात नाही. म्हणून पाच पाट्या मातीला एक पाटी या प्रमाणात काहीतरी भुसभुशीत मिसळायचं. भाताचं तूस उत्तम, काथ्याचा भुसा चालतो, तोडलेला पेंढाही चालतो. सुका पातेरा फुकटचा आहे, पण चुरून घ्या. काजूच्या बियांची टरफलं टाकू नका, त्यांतलं तेल जीवाणूंना मारक असतं. सोबत चांगलं कुजलेलं शेणखत, वीस पाट्यांना एक पाटी. ताजं शेण नको, ते कुजताना मातीतली हवा स्वतःच संपवतं. गुळाचं पाणी, जीवामृत यांचा सल्ला हमखास मिळेल. शेतात त्यांचा उपयोग असेल, इथे मात्र जीवाणू आधी गूळ खातील आणि डिझेलला नंतर हात लावतील.

हे सगळं मिसळून झाल्यावर पुन्हा एक नमुना घ्या आणि तोच तुमचा शून्य दिवसाचा आकडा धरा. तूस मिसळल्याने तेलाचं प्रमाण आपोआप कमी दिसतं. ती सफाई नव्हे.

चुना

जीवाणूंना सामू ६ ते ८ लागतो, ७ च्या आसपास सर्वांत बरा. जांभी माती साधारण ५ ते ६ अशी आंबट असते. टनाला एक किलो शेतीचा चुना म्हणजे चुनखडीची पूड, यापासून सुरुवात करा, दहा दिवसांनी सामू पाहा, कमी असेल तर तेवढाच पुन्हा. किनाऱ्यावर तिसऱ्या-कालवांच्या शिंपल्यांचे ढीग असतात, त्यांची बारीक पूड हेच काम करते, फक्त हळू. भाजलेल्या शिंपल्यांचा कळीचा चुना मात्र नको. तो सामू एकदम वर नेतो आणि ज्यांना जगवायचं तेच जीवाणू मरतात.

चुना आणि युरिया एका दिवशी घालू नका, नत्र अमोनिया होऊन उडून जातं. मध्ये दहा दिवस जाऊ द्या.

खताचा हिशेब

आकडेमोड इथे करावीच लागते, आणि ती अवघड नाही. दोन ब्रास माती म्हणजे अंदाजे ७ टन. समजा टीपीएच १०,००० मिलिग्रॅम प्रतिकिलो आलं, म्हणजे एक टक्का. तर ढिगात ७० किलो तेल आहे. डिझेलमध्ये सुमारे ८५ टक्के कार्बन, म्हणजे ६० किलो. शंभर भाग कार्बनला दहा भाग नत्र आणि एक भाग स्फुरद हे प्रमाण वरची मर्यादा म्हणून धरतात. म्हणजे नत्र ६ किलो, स्फुरद ६०० ग्रॅम.

युरियात ४६ टक्के नत्र, म्हणून १३ किलो युरिया. सिंगल सुपर फॉस्फेटच्या पोत्यावर १६ टक्के लिहिलेलं असतं, पण ते स्फुरदाच्या ऑक्साइडचं. शुद्ध स्फुरद सातच टक्के. म्हणून साडेआठ किलो. त्यात आपल्या मातीची एक खोड आहे: जांभ्यातलं लोह आणि ॲल्युमिनियम स्फुरद धरून ठेवतात, सोडत नाहीत. म्हणून बारा किलो घ्या, आणि थेट मातीत न टाकता आधी शेणखतात मिसळून मग पसरा. तसं केल्याने ते कमी अडकतं.

सुपर फॉस्फेट एकदम, युरिया मात्र चार हप्त्यांत, दर तीन आठवड्यांनी सव्वातीन किलो, पाण्यात विरघळवून. सगळा युरिया एकदम घातला तर मातीतलं पाणी इतकं खारट होतं की जीवाणूंचं काम थांबतं. जास्त खताने काम लवकर होईल हा विचार इथे उलटा पडतो.

हवा आणि पाणी

सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते हवेकडे. एक किलो डिझेल पूर्ण तुटायला साधारण साडेतीन किलो ऑक्सिजन लागतो. म्हणजे आपल्या ७० किलोंना जवळपास अडीचशे किलो. तेवढा ऑक्सिजन नऊशे घनमीटर हवेत असतो, आणि ढिगाचं स्वतःचं आकारमान आहे सहा-सात घनमीटर. ढिगातली सगळी पोकळी मोजली तरी ती हवा शेकडो वेळा बदलावी लागते. म्हणून ढीग नुसता रचून सोडला तर पहिल्या काही दिवसांत आतली हवा संपते आणि काम जवळपास बंद पडतं.

आठवड्यातून एकदा ढीग पूर्ण पलटा. वरचं आत, आतलं वर, ढेकळं फोडून. माणसं मिळत नसतील, तर रचतानाच तळाशी आणि मध्यावर भोकं पाडलेले पीव्हीसी पाइप आडवे घाला, दोन्ही तोंडं बाहेर उघडी. किनाऱ्यावर दुपारी समुद्रावरून येणारा वारा त्या तोंडांतून आत शिरेल अशी दिशा ठेवली तर बरंच काम वाराच करतो. तरी महिन्यातून एक-दोनदा पलटणं सुटत नाही. पहिल्या पंधरवड्यात पलटताना हलका भाग उडून वास येतो, म्हणून मास्क, हातमोजे, गमबूट घाला, आसपास बिडी-काडी नको आणि मुलं-गुरं लांब ठेवा.

ओल पाहायला मूठभर माती घेऊन दाबा. मुटका वळला पाहिजे, पण बोटांतून पाणी येता कामा नये. मुटका फुटला तर पाणी द्या, पाणी निघालं तर झाकण काढून वाऱ्याला ठेवा आणि तूस वाढवा. फेब्रुवारीनंतर ढीग फार लवकर सुकतो, दर तीन-चार दिवसांनी पाहावं लागेल. पाणी विहिरीचं किंवा पऱ्ह्याचं घ्या, खाडीचं कधीच नको.

झाकण्यासाठी ताडपत्री बांबूच्या ताटीवर ताणून बसवा, ढिगाला चिकटवून नको, बाजू उघड्या. एप्रिल-मेच्या उन्हात काळ्या कागदाखाली वरचा थर ४५ अंशांच्या पुढे सहज जातो. वर नारळाची चुडतं टाकली की तो प्रश्न मिटतो.

कल्चर घ्यावं का

ठरवायचं असेल तर कुंड्यांवर ठरवा. त्याच मातीच्या चार कुंड्या भरा. पहिली तशीच. दुसरीत फक्त पाणी आणि हलवणं. तिसरीत त्याशिवाय खत आणि चुना. चौथीत तिसरीसारखंच सगळं, अधिक विकतचं कल्चर. सहा आठवड्यांनी चारींचं टीपीएच काढा. तिसरी आणि चौथी सारख्याच निघाल्या तर कल्चरचे पैसे वाचले. चौथीत स्पष्ट फरक पडला तर जरूर घ्या. नवीनच भराव टाकलेल्या, जिवंतपणा नसलेल्या मुरमात असा फरक पडू शकतो. विक्रेत्याला एवढंच विचारा: यात कोणते जीवाणू आहेत, ग्रॅमला किती जिवंत आहेत आणि किती दिवस टिकतात. लेखी उत्तर न देणाऱ्याचा माल घेऊ नये.

मोजत राहणं

दर महिन्याला आधीसारखाच नमुना. वास जाणं हा पुरावा नव्हे, हलका भाग हवेत उडूनही वास जातो. परीक्षणाच्या मधल्या काळात दोन घरगुती कसोट्या करा. काचेच्या पेल्यात पाणी घेऊन चमचाभर माती टाका, ढवळा, तवंग येतो का पाहा. आणि एका पसरट भांड्यात ही माती, दुसऱ्यात चांगली माती घेऊन दोन्हींत पंचवीस-पंचवीस कुळीथ पेरा. आठ दिवसांत दोन्हीकडे उगवण सारखी झाली आणि मुळं पांढरी, लांब असली तर काम मार्गी लागलंय. मुळं आखूड, तपकिरी राहिली तर अजून वेळ आहे.

ताज्या डिझेलसाठी तीन ते सहा महिने धरा. सुरुवातीला आकडा भराभर उतरतो, मग मंदावतो, कारण सोपं खाऊन झालेलं असतं. महिना-दोन महिने आकडा हललाच नाही तर क्रमाने तपासा: हवा, ओल, सामू, मग नत्र. बहुतेक वेळा हवेतच चूक सापडते.

मे अखेरपर्यंत काम झालं नाही, तर ढीग पत्र्याच्या पक्क्या शेडमध्ये घ्या, बांध उंच करा, बाजूने पागोळ्यांचं पाणी आत येणार नाही अशी चर खणा. जुलैच्या दमट हवेत माती सुकत नाही, म्हणून पाणी देणं थांबवा, पण पलटणं चालू ठेवा.

कीटकनाशकाच्या मातीचं काय

आंबा-काजूच्या बागांतून हा प्रश्न येतो. क्लोरपायरिफॉससारखी ऑर्गनोफॉस्फेट औषधं तोडणारे जीवाणू आहेत. त्यांपैकी पहिल्या काहींतला एक फिलिपीन्सच्या भातखाचरातून १९७० च्या दशकात वेगळा केला गेला. फवारणीची टाकी जिथे नेहमी धुतली जाते त्या कोपऱ्यातल्या मातीला शेणखत, पेंढा, चुना आणि हवा या उपायांनी फायदा होतो. पण तिथे खरा उपाय टाकी धुण्याची जागा बदलणं हा आहे: सिमेंटचा खड्डा, त्यात माती, कंपोस्ट आणि पेंढा, वर गवत. धुवण त्यातच जिरू द्यायचं आणि वर छप्पर ठेवायचं. आंब्याला मोहरासाठी घालतात ते पॅक्लोब्युट्राझॉल मातीत दीर्घकाळ टिकतं, त्याला जीवाणू हळूहळूच तोडतात. तिथे मात्रा न वाढवणं हेच हातात आहे. बागेच्या मातीबद्दल दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाकडे किंवा तुमच्या जिल्ह्याच्या कृषी विज्ञान केंद्राकडे नमुना घेऊन जा.

साफ झालेली माती

प्रयोगशाळेचा अहवाल सलग दोन महिने समाधानकारक आला की ढीग मोडा. ती माती भाजीच्या वाफ्यात, माडाच्या आळ्यात किंवा विहिरीच्या काठाला टाकू नका. जिथून काढली त्याच खड्ड्यात परत भरा आणि वर वाळा किंवा दाट गवत लावा. गवताच्या मुळांभोवती जीवाणू दाट असतात, उरलासुरला जड भाग ते पुढच्या एक-दोन वर्षांत खात राहतात. त्यावर गुरं चारू नका. खालचा प्लास्टिक कागद तेलकट असतो, तो भंगारात न देता वापरलेल्या ऑइलसोबत अधिकृत ठिकाणी द्या. आणि जवळच्या विहिरीच्या पाण्याचा एक नमुना काम सुरू करण्याआधी, एक पहिल्या पावसानंतर आणि एक पुढच्या दिवाळीला घ्या, तिन्ही अहवाल एकाच फायलीत ठेवा.